चाळीस घडांच्या वजनांना आकार कोणता?

यावल तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "सर, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकासाठी आमच्या शेतात कापणीच्या दिवशी केळीच्या चाळीस घडांची वजने घेतली. मध्यमान १९.८ किलो आले, मध्यक २० आला. दोन्ही जवळजवळ सारखे. बॉक्स प्लॉटही मधोमध दिसतो. म्हणून मी 'वितरण सममित व प्रसामान्य आहे' असे लिहिले. मॅडमनी त्याखाली लाल रेघ मारली आणि 'आकार बघितला का?' एवढेच लिहिले. माझे चुकले कुठे?"

ताई, तुमची आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. तुम्ही पाठवलेली चाळीस वजने मी कागदावर पुन्हा मांडली. मध्यमान १९.८२५, मध्यक (रांगेतला मधला आकडा) २०, पहिला चतुर्थक (ज्याच्या खाली पाव आकडे येतात) १५, तिसरा चतुर्थक (ज्याच्या खाली पाऊण आकडे येतात) २३, सगळे बरोबर आहे. चुकला तो क्रम. तुम्ही आधी गणित केले आणि मग चित्र काढले. चित्रही नेमके असे निवडले की तुमच्या आकड्यांतली सगळ्यात मोठी गोष्ट त्याला दाखवताच येत नाही. मॅडमनी एका ओळीत विचारले तेच मी जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न वरवर प्रात्यक्षिकाच्या वहीचा असला तरी शेतीच्या आकड्यांत तीस वर्षे काढल्यावर मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पहिल्यांदा काहीही न मोजता आकडे नुसते रांगेत लावा. यासाठी खोड-पान आलेखासारखे दुसरे साधन नाही. अमेरिकेचे संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७० च्या दशकात तो आणि बॉक्स प्लॉट दोन्ही लोकांपर्यंत नेले. दशकाचा अंक खोड आणि एककाचा अंक पान. तुमच्या आकड्यांना दशकाच्या दोनच ओळी पुरत नाहीत, म्हणून प्रत्येक दशकाचे पाच तुकडे केले, म्हणजे एका ओळीत दोन किलोंची वजने येतात.

१ | १
१ | २ ३ ३
१ | ४ ४ ४ ५ ५ ५ ५
१ | ६ ६ ६ ७ ७
१ | ८ ८ ९
२ | ० ० १ १
२ | २ २ २ २ ३ ३ ३ ३
२ | ४ ४ ४ ५ ५
२ | ६ ६ ७
(इथे सात ओळी रिकाम्या)
४ | २

रिकाम्या ओळी वहीत खरोखर रिकाम्या सोडा. रिकामी जागाही माहितीच असते.

आता वही आडवी करून बघा. दोन टेकड्या दिसतात. एक १४-१५ किलोंपाशी, तिथे सात घड. दुसरी २२-२३ किलोंपाशी, तिथे आठ. मध्ये १८-१९ किलोंना दरी, तिथे तीनच घड. आणि दूर उजवीकडे एकटा ४२. मध्यमान आणि मध्यक दोन्ही कुठे येऊन बसले? १९.८ आणि २०, म्हणजे दरीच्या काठाला. ज्या वजनाचे घड तुमच्या शेतात कमी होते तेच वजन तुम्ही 'सर्वसाधारण घड' म्हणून लिहून दिले.

मध्यमान आणि मध्यक जवळ आले म्हणजे वितरण सममित, हा नियम पाठ करून घेतात तिथेच घोटाळा सुरू होतो. उलट दिशेने तो खरा आहे: वितरण सममित असेल तर दोन्ही एकत्र येतात. पण ते एकत्र आले म्हणून वितरण सममित ठरत नाही. तुमच्या आकड्यांवर संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांचे विषमतेचे, म्हणजे वितरण एका बाजूला किती कलले आहे ते मोजण्याचे, सूत्र लावले, म्हणजे (मध्यमान वजा मध्यक) गुणिले तीन भागिले प्रमाण विचलन (आकडे मध्यमानापासून साधारण किती पसरले त्याचे माप) काढले, तर उत्तर उणे ०.०९ येते, जवळजवळ शून्य. सूत्र म्हणते विषमता नाही. डोळा म्हणतो दोन टेकड्या आहेत आणि एक आकडा गाव सोडून गेलाय. इथे डोळ्याचे ऐका.

'प्रसामान्य', म्हणजे नॉर्मल, घंटेच्या आकाराचे, हा शब्द तर फारच जपून वापरा. नॉर्मल वितरण सममित असते, पण प्रत्येक सममित वितरण नॉर्मल नसते. नीट घडवलेला फासा हजार वेळा टाकला तर एकपासून सहापर्यंतचे सगळे स्तंभ साधारण सारख्या उंचीचे येतील. ते सममित आहे, पण घंटेच्या आकाराच्या जवळपासही नाही. एकमेकींचे प्रतिबिंब असणाऱ्या दोन टेकड्याही सममितच. नॉर्मल म्हणायचे तर एक शिखर हवे, दोन्ही बाजूंना सारखा उतार हवा, आणि शेपट्या त्या विशिष्ट वेगाने पातळ व्हायला हव्यात. हे तपासायला क्यू-क्यू आलेख काढतात, म्हणजे आपले आकडे नॉर्मल वितरणात अपेक्षित असलेल्या आकड्यांसमोर मांडतात. त्यात बिंदू सरळ रेषेवर बसले तर बोलायला जागा आहे.

आता बॉक्स प्लॉटचे बघू, कारण तुमची खरी फसगत तिथे झाली. तुमच्या बॉक्सची डावी कड १५, मधली रेघ २०, उजवी कड २३. डावी मिशी ११ पर्यंत, उजवी २७ पर्यंत, दोन्ही चार-चार किलोंच्या. ३५ च्या पलीकडचा म्हणून ४२ वेगळा बिंदू (ही ३५ ची सीमा कशी येते ते शेवटी सांगतो). चित्र खरेच नेटके दिसते. पण बॉक्स प्लॉट करतो काय? तो चाळीस आकड्यांतून पाच आकडे (मिशांची दोन टोके, दोन चतुर्थक आणि मध्यक) ठेवतो आणि दूरचे बिंदू सोडले तर बाकीचे टाकून देतो. १५ ते २३ च्या पेटीत साधारण निम्मे घड आहेत एवढे त्याला ठाऊक असते. ते मध्यावर गोळा झालेत की दोन्ही कडांना पांगलेत, हे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे. मधोमध एक टेकडी असली तरी आणि दोन कडांना दोन टेकड्या असल्या तरी तो तीच पेटी काढून देईल. बॉक्स प्लॉट वाईट नाही. दोन-तीन गट शेजारीशेजारी ठेवून तुलना करायला तो मला सगळ्यात आवडतो, आणि तो तुम्हाला थोड्याच वेळात लागणार आहे. पण एकट्या गटाचा आकार वाचायला तो पुरत नाही.

मग आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम. हा शब्द पिअर्सन यांनीच १८९० च्या दशकात रूढ केला. दहावीत तुम्ही तो काढला आहे, पण दहावीत वर्ग आयते दिलेले असतात, आणि आयतालेखाचा सगळा खेळ वर्ग कसे पाडता यावर असतो. तुमचीच वजने पाच-पाच किलोंच्या वर्गांत टाका:

१०-१४ किलो: ७ घड
१५-१९ किलो: १२ घड
२०-२४ किलो: १५ घड
२५-२९ किलो: ५ घड
४०-४४ किलो: १ घड

सात, बारा, पंधरा, पाच. चढत गेली आणि उतरली, एकच टेकडी. दरी गायब. आकडे तेच, वजनकाटा तोच, फक्त वर्गाची रुंदी दोनऐवजी पाच केली.

इथे 'सर, रुंदी सूत्राने काढायची ना?' असे विचाराल. सूत्रे आहेत. १९२६ साली हर्बर्ट स्टर्जेस यांनी दिलेले सूत्र बहुतेक पुस्तकांत असते: एक अधिक आकड्यांच्या संख्येचा दोन पाया असलेला लॉगॅरिदम. चाळीसला ते ६.३ येते, म्हणून सात वर्ग. तुमचा विस्तार ४२ वजा ११, म्हणजे ३१. सातने भागले की साडेचारच्या आसपास, म्हणजे सोयीची रुंदी पाच. १९८१ चे फ्रीडमन-डायकोनिस यांचे सूत्र आंतरचतुर्थक अंतरावर, म्हणजे तिसरा वजा पहिला चतुर्थक यावर, चालते. तेही तुमच्या आकड्यांना ४.७ देते. दोन्ही सूत्रे एकमुखाने पाच किलो सांगतात, आणि नेमके पाच किलोच तुमची दरी बुजवून टाकतात. स्टर्जेस यांच्या सूत्रामागे एका शिखराचे, घंटेसारखे वितरण गृहीत आहे, त्यामुळे दोन शिखरे असली की ते रुंदी जरा जास्तच देते. म्हणून माझी कामाची पद्धत अशी आहे की सूत्राने येणारी रुंदी घेऊन एक आयतालेख काढायचा, तिच्या निम्म्या रुंदीने दुसरा आणि दुप्पट रुंदीने तिसरा. तिन्हींत जे टिकते त्यावर भरवसा ठेवायचा. एकाच चित्रात जे दिसते त्याच्याविषयी प्रश्न विचारायचा. संगणकावर बटण दाबून येणारा आयतालेख पहिल्याच फटक्यात वहीत चिकटवू नका.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही उद्या प्रत्येक उंचवट्याला शिखर म्हणाल. चाळीस हा आकडा लहान आहे. वर्ग फार अरुंद केले की नुसत्या योगायोगानेही दात पडल्यासारखा आयतालेख येतो, आणि त्या प्रत्येक दाताला अर्थ नसतो. एकाच बागेतले चाळीस घड उचलले तरी कधीतरी मध्ये खळगा दिसेल. म्हणून दोन टेकड्या दिसल्या की दोन गट आहेतच, असे आलेखाच्या जोरावर म्हणू नका. आलेख फक्त प्रश्न देतो. उत्तर शेतात असते.

तुमच्या बाबतीत उत्तर तुमच्याच कागदावर होते. यादीतल्या अठरा वजनांपुढे तुम्ही बारीक 'पि' लिहिले आहे. मी ते पिलबाग असे वाचले. केळीच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला नवती आणि पिलबाग समजावायची गरज नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो: नवीन लागवडीचे पहिले पीक ती नवती, आणि पहिला घड कापल्यावर त्याच बुंध्याच्या पिलावर घेतलेले पुढचे पीक ती पिलबाग. रावेर-यावलकडे भावही नवतीचा वेगळा आणि पिलबागेचा वेगळा निघतो. व्यापारी जे दोन वेगळे माल म्हणून बघतो ते तुम्ही एका रकान्यात घातले.

'पि' वाले वेगळे काढले की बघा काय होते. अठरा घड, ११ ते १९ किलो, मध्यक १५, मध्यमानही १५, प्रमाण विचलन साधारण २ किलो. उरलेले बावीस नवतीचे, १८ ते २७ किलो आणि तो एक ४२. मध्यक २३. ४२ बाजूला ठेवला तर इथेही प्रमाण विचलन २ किलोंच्या थोडे वरच येते. दोन्ही गटांना एकेकच शिखर आहे आणि दोन्ही बाजूंना साधारण सारखा उतार आहे. एकत्र असताना प्रमाण विचलन पावणेसहा किलोंच्या घरात होते. ती सगळी पसरण घडांची नव्हती, निम्म्याहून जास्त नवती आणि पिलबाग यांच्यातल्या अंतराची होती.

आणि आता बॉक्स प्लॉट काढा, एकाच मोजपट्टीवर एकाखाली एक. पिलबागेची पेटी १४ ते १६, नवतीची २२ ते २५. दोन पेट्या एकमेकींना शिवतही नाहीत. आधी फसवणारे चित्र आता एका नजरेत सगळे सांगते. चित्र तेच, फक्त त्याला विचारलेला प्रश्न बदलला.

मी हे इतक्या आग्रहाने का सांगतो याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला अमळनेर-पारोळा भागातल्या कापसाच्या उत्पादनाचे आकडे माझ्याकडे आले होते. मी इमानाने बेरीज केली, भागाकार केला आणि एकरी सात क्विंटल असे लिहून वर पाठवले. पुढे एका गावात बसलो असताना मी तो आकडा सांगितला. एक वयस्कर शेतकरी शांतपणे म्हणाले, "भाऊ, सरासरीवर काय पीक येस का?" त्यांनी बोट दाखवून दोन शिवार दाखवले. एकीकडे ठिबकवरचा, मे महिन्यात लावलेला पूर्वहंगामी बागायती कापूस, एकरी दहा-बारा क्विंटल. दुसरीकडे पावसाच्या भरवशावरचा कोरडवाहू, तीन-चार क्विंटल. सात क्विंटल त्या गावात कुणालाच झाला नव्हता. ज्या कागदावर मी भागाकार केला होता त्याच कागदावर ठिपके मांडले असते तर पाच मिनिटांत दिसले असते. त्या दिवसापासून ठिपके मांडल्याशिवाय मी सरासरी काढत नाही.

ठिपक्यांचा आलेख, म्हणजे बिंदू आलेख, साधा असतो म्हणून मुले त्याला किंमत देत नाहीत. एक आडवी रेघ, तिच्यावर मोजपट्टी, आणि प्रत्येक आकड्यासाठी एक ठिपका, सारखे आकडे आले तर एकावर एक. पन्नास-शंभर आकड्यांपर्यंत याहून प्रामाणिक चित्र नाही, कारण तो काहीच गिळत नाही. त्याचा आणखी एक उपयोग पुस्तकात क्वचित असतो. एकदा मला घडांच्या वजनांची एक मोठी यादी दाखवली होती. ठिपके मांडले तर ते १५, २०, २५ यांच्यावर खांबासारखे उभे, आणि मध्ये विरळ. हा केळीचा आकार नव्हता, वजन लिहिणाऱ्याच्या सवयीचा होता. काटा न बघता अंदाजाने गोल आकडा लिहिला की असे खांब उभे राहतात. जनगणनेत वय सांगताना लोक शून्य आणि पाचवर संपणारी वये जास्त सांगतात, तोही हाच प्रकार. तुमच्या यादीत मला असे खांब दिसले नाहीत. तुम्ही काटा बघून लिहिले आहे, शाबास.

शिखरांनंतर शेपटी. तुमच्या दोन्ही गटांत ती फारशी नाही, पण परीक्षेत विचारतीलच, आणि खान्देशात उदाहरणांना तोटा नाही.

धन विषमता म्हणजे उजवीकडे लांब शेपटी. इथे बरीच मुले उलटे लिहितात, कारण ढीग डावीकडे दिसतो आणि म्हणून ती 'डावीकडे कललेले' म्हणतात. नाव ढिगावरून पडत नाही, शेपटीवरून पडते. पाऊस घ्या. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. शिंदखेड्याच्या बाजूच्या एखाद्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद काढली तर त्यातले कितीतरी दिवस शून्याचे. हवामान खाते पावसाचा दिवस म्हणते तो २.५ मिलिमीटर किंवा जास्त पावसाचा, आणि तेवढाही पाऊस बहुतेक दिवशी नसतो. त्यानंतर थोड्या पावसाचे काही दिवस, आणि मग एखादा दिवस असा की नाले वाहून जातात. शून्यापाशी उंच कडा आणि उजवीकडे लांबच लांब शेपटी. अशा वितरणात ते एक-दोन मोठे दिवस मध्यमान वर ओढतात, मध्यक मात्र शून्यातच राहू शकतो. 'रोज सरासरी इतके मिलिमीटर पाऊस पडला' हे वाक्य गणिताने खरे असते, आणि तरी तसा पाऊस कुणी पाहिलेला नसतो. जळगावच्या सराफ बाजारातली बिलेही अशीच: छोट्या खरेदीची बिले पुष्कळ, लग्नाच्या खरेदीची थोडी पण भारी.

अशा आकड्यांवर घनता आलेख, म्हणजे आयतालेखाऐवजी गुळगुळीत वळण, काढताना जपा. ते वळण शून्याच्या डावीकडेही उतरते आणि उणे पाऊस दाखवते. वळण सुंदर दिसते म्हणून मुले तेच पहिले काढतात. आधी ठिपके, मग आयतालेख, मग हवे असेल तर वळण.

ऋण विषमतेला, म्हणजे डावीकडच्या शेपटीला, भुसावळचा मे महिना आठवा. बहुतेक दिवस पारा वरच्या टोकाला चिकटलेला, आणि वळवाचा पाऊस येऊन गेला की एखाददुसरा दिवस बराच खाली. ढीग उजवीकडे, शेपटी डावीकडे. सोप्या पेपरचे गुणही असेच येतात, कारण वर शंभराची भिंत असते. आकड्यांना कुठे भिंत आहे हे बघण्याची सवय लावा. पावसाला शून्याची भिंत, गुणांना शंभराची. शेपटी बहुधा भिंतीच्या उलट दिशेला जाते.

संचित वारंवारता वक्राविषयी, म्हणजे ठरावीक वजनापर्यंत एकूण किती घड झाले ते दाखवणाऱ्या वक्राविषयी, थोडेच सांगतो. त्यातून आकार वाचणे जड जाते, पण 'अठरा किलोंपेक्षा कमी वजनाचे घड किती?' यासारख्या प्रश्नाला त्याच्याइतके सरळ उत्तर दुसरा आलेख देत नाही. तुमच्या यादीत ते सोळा, म्हणजे चाळीस टक्के. दोन टेकड्यांची खूण त्यात अशी दिसते की वक्र चढतो, मध्ये जरा संथ होतो आणि पुन्हा चढतो.

वर्गांची रुंदी सारखी नसेल तेव्हा मात्र थांबा. कृषी गणनेत जमीनधारणेचे वर्ग असे असतात: एक हेक्टरपर्यंत अत्यल्प, एक ते दोन अल्प, दोन ते चार अर्धमध्यम, चार ते दहा मध्यम, दहाच्या वर मोठे. इथे मुले शेतकऱ्यांची संख्या सरळ उंची म्हणून काढतात. मग सहा हेक्टर रुंदीचा 'मध्यम' वर्ग एक हेक्टर रुंदीच्या वर्गाच्या तुलनेत अकारण अवाढव्य दिसतो. आयतालेखात संख्या क्षेत्रफळाने दाखवायची असते, उंचीने नाही. उंची म्हणजे वारंवारता भागिले वर्गाची रुंदी. आणि 'दहाच्या वर' या वर्गाला वरचे टोकच नसल्याने त्याची रुंदी माहीत नाही. तो आयत अंदाजाने काढू नका, खाली टीप लिहा. स्तंभालेख आणि आयतालेख यांतला फरकही हाच. तालुक्यांची नावे असतील तर स्तंभालेख, स्तंभांमध्ये मोकळी जागा, आणि क्रम बदलला तरी चालते. किलो, मिलिमीटर, हेक्टर असतील तर आयतालेख, स्तंभ चिकटून, क्रम हलवता येत नाही. म्हणूनच तालुक्यांच्या स्तंभालेखाला 'उजवीकडे शेपटी आहे' म्हणण्यात अर्थ नसतो.

आता वर्णन लिहायचे कसे. मी विद्यार्थ्यांना सांगतो की आलेख न बघणाऱ्या माणसाला फोनवर सांगतोय असे समजून लिहा. तो जळगावला बसलाय, त्याला घड विकत घ्यायचे आहेत. त्याला 'सममित' शब्दाने काही कळणार नाही. त्याला शिखरे किती आणि किती किलोंपाशी, मध्य कुठे, पसरण किती, शेपटी कोणत्या बाजूला, कुठे रिकामी जागा, कुणी एकटा दूर पडलाय का, हे हवे आहे. आणि प्रत्येक आकड्यापुढे किलो लिहायलाच हवे. तुमच्या आकड्यांवर मी असे लिहीन:

"चाळीस घडांच्या वजनांच्या वितरणाला दोन शिखरे आहेत, एक १४-१५ किलोंपाशी आणि दुसरे २२-२३ किलोंपाशी. १८-१९ किलोंपाशी घड कमी आहेत. पाहणीत पिलबागेचे १८ आणि नवतीचे २२ घड एकत्र आले आहेत. पिलबागेचा मध्यक १५ किलो असून मधले निम्मे घड १४ ते १६ किलोंचे आहेत. नवतीचा मध्यक २३ किलो असून मधले निम्मे घड २२ ते २५ किलोंचे आहेत. वेगवेगळे पाहिल्यास दोन्ही गट एकशिखरी व साधारण सममित आहेत. नवतीतील एक घड ४२ किलोंचा नोंदला आहे. तो त्याच्या खालच्या वजनापासून १५ किलो दूर आहे. चाळिसांचे एकत्रित मध्यमान १९.८ किलो असले तरी ते दोन्हींपैकी कोणत्याही गटातील घडाचे प्रातिनिधिक वजन नाही."

यात 'प्रसामान्य' शब्द नाही हे बघा. अठरा आणि बावीस आकड्यांवर तो शब्द लिहायची घाई नको.

राहिला तो ४२. तुम्ही विचारले नाही, पण माझे लक्ष सारखे तिथेच जाते. बॉक्स प्लॉटने तो वेगळा दाखवला म्हणून खोडून टाकू नका. ३५ किलोंची ती सीमा तिसऱ्या चतुर्थकात दीडपट आंतरचतुर्थक अंतर मिळवून काढलेली असते. ती फक्त 'इथे बघा' म्हणते, 'हे चूक आहे' म्हणत नाही. मला २४ चे उलटे लिहिले गेले असावे असा संशय येतो, कारण २४ नवतीच्या ढिगात बरोबर बसतो. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. उत्तम ठेवलेल्या नवतीत एखादा घड फार मोठा निघूही शकतो. २४ असेल तर दुरुस्त करा आणि दुरुस्त केल्याचे वहीत लिहा. मध्यमान १९.४ होईल, मध्यक वीसच राहील. खरेच ४२ असेल तर तो यादीत जसाच्या तसा ठेवा. वजन करताना लिहिलेला मूळ कागद अजून घरात असेल. आणि एवढा मोठा घड निघाला असेल तर तो कोणत्या ओळीतला होता हे कापणी करणाऱ्यांच्या आणि तुमच्या वडिलांच्या नक्की लक्षात असेल, आधी त्यांना विचारा.